थीम पार्कात जेवायचं कुठे? पंचवीस गुणांचा हिशेब

थीम पार्कातलं हॉटेल आणि नाक्यावरचं हॉटेल एकाच मापाने मोजलं की फसगत होते. नाक्यावरच्या हॉटेलवाल्याला तुम्ही पुढच्या रविवारी परत यायला हवे असता. पार्कातल्या काउंटरवाल्याला तशी गरज नसते. गेटच्या आत आलेल्या माणसाला सहसा बाहेर जाऊन परत येता येत नाही, डबा आणता येत नाही आणि भूक तर लागणारच. शिवाय आतल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे तुम्ही तिकीटखिडकीवर आधीच मोजलेले असतात.

हा शेवटचा मुद्दा आकड्यांत मांडून बघा. समजा तिकीट माणशी १५०० रुपये, माणसं चार, म्हणजे ६००० रुपये. पार्कात आठ तास मिळाले, म्हणजे ४८० मिनिटं. भागाकार केला की कुटुंबाचं एक मिनिट पडतं साडेबारा रुपयांना. जेवणाच्या रांगेत चौघं चाळीस मिनिटं उभे राहिलात तर ताटात काही पडायच्या आतच ५०० रुपये गेले. मग "पलीकडच्या काउंटरवर थाळी तीस रुपयांनी स्वस्त आहे" याला काही अर्थ राहत नाही. चार थाळ्यांमागे १२० रुपये वाचतात, म्हणजे जेमतेम दहा मिनिटं. पुढचा सगळा हिशेब याच पायावर उभा आहे.

आधी पार्क कोणतं ते बघा

ठाणेकर आणि नवी मुंबईकरांच्या सहली साधारण तीन प्रकारच्या असतात आणि जेवणाचा बेत प्रत्येकीत वेगळा असतो.

घोडबंदर रोडचं सूरज वॉटर पार्क किंवा मानपाड्याची टिकुजीनी वाडी असेल तर नाश्ता घरी आणि रात्रीचं जेवणही घरी. निवड करायची ती फक्त दुपारच्या जेवणाची. नेरुळच्या वंडर्स पार्कला तर आत जेवायचा घाटच घालू नका. दोन-तीन तासांचा फेरफटका असतो, बाहेर पडून नेरुळ-सीवूड्समध्ये हवं ते खा.

खरी तयारी लागते ती इमॅजिकाला. खोपोली-पाली रस्त्यावरचं हे पार्क २०१३ साली सुरू झालं. वॉटर पार्क नंतर आलं आणि त्याचं तिकीट वेगळं असतं. ठाण्याहून ट्रॅफिक धरून दीड ते दोन तास लागतात. म्हणजे नाश्ता रस्त्यात, जेवण आत, संध्याकाळचं खाणं परतीच्या वाटेवर. तीन निवडी आणि तिन्हींचे निकष निराळे.

आदल्या दिवशीचा फोन

पार्कच्या नंबरवर फोन लावून चार गोष्टी विचारा. एक, उद्या आतली कोणकोणती खाण्याची ठिकाणं चालू असतील? मधल्या वारी आणि पावसाळ्यात निम्मे काउंटर बंद असू शकतात आणि वेबसाइटवर मात्र सगळे झळकत असतात. दोन, हातावर शिक्का मारून बाहेर जाऊन परत आत येता येतं का? येत असेल तर पार्किंगमधली गाडी हेच तुमचं स्वयंपाकघर. तीन, लहान बाळाचं खाणं आणि डायबेटिसवाल्यांचं खाणं आत नेऊ देतात का? बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, पण या दोन बाबतींत सहसा सवलत असते. गेटवरचा माणूस ऐकेल याची खात्री नसते, म्हणून औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. चार, पैसे रोख चालतात, यूपीआय चालतं, की पार्कचं कार्ड घ्यावं लागतं?

गाडीत डबा ठेवणार असाल तर एप्रिल-मेमध्ये दहीभात, पनीर, बटाट्याची ओली भाजी, नारळाची चटणी यांतलं काही नको. उन्हात उभ्या गाडीत चार तासांत हे नासतं. थेपले (आता ते फक्त गुजराती घरांपुरते राहिलेले नाहीत), सुकी चटणी, भडंग, खाकरे, शेंगदाण्याची चिक्की टिकते.

रात्री झोपताना रिव्ह्यू वाचायची रीत

पार्कला ४.४ तारे आहेत म्हणजे तिथलं जेवण ४.४ आहे असं नव्हे. ते तारे रोलर कोस्टरला मिळालेले असतात. मॅपवर पार्क मोठं करून बघा. आतल्या हॉटेलांना बरेचदा वेगळी पिन असते. ती उघडा आणि रिव्ह्यू "सर्वात नवीन" या क्रमाने लावा. सहा महिन्यांपूर्वीचं सोडून द्या. पार्कातले काउंटर पुष्कळदा ठेक्याने दिलेले असतात. ठेकेदार बदलला की आचारी बदलतो, तेल बदलतं, पाटी मात्र तीच राहते.

चाळीस जणांच्या ४.९ पेक्षा चार हजार जणांचं ४.१ जास्त भरवशाचं. पाच तारे देणारा खुशीत असतो, एक तारा देणारा रागात. तीन तारे देणारा सहसा तपशील सांगतो, म्हणून आधी तीनवाले वाचा. एकाच आठवड्यात पाच जणांनी एकाच वेटरचं नाव घेऊन कौतुक केलं असेल तर ते रिव्ह्यू बिल देताना मागून घेतलेले असतात, ते मोजू नका. "अँबियन्स" या शब्दाभोवती फिरणारे रिव्ह्यूही इथे निरुपयोगी.

रिव्ह्यूंच्या आत शोधायचा चौकोन असतो. त्यात रांग, गार, बिल, जैन, पोट, उलटी या अर्थाचे इंग्रजी शब्द टाका, कारण बहुतेक लोक इंग्रजीत किंवा रोमन लिपीत हिंदी लिहितात. पोट बिघडल्याची तक्रार महिन्याभरात दोन वेगवेगळ्या लोकांनी केली असेल तर ते ठिकाण यादीतून काढा, तारे कितीही असोत. फोटोंमध्ये सजावट बघू नका, ताटं बघा. मेनूकार्डाचा फोटो सापडला तर तारीख बघून भाव टिपून ठेवा आणि दहा-पंधरा टक्के वाढवून धरा.

डिलिव्हरी ॲपवरचे तारे हायवेच्या हॉटेलांसाठी वापरू नका. ते पॅकिंगला आणि वेळेवर पोचण्याला मिळालेले असतात. तिथे बसून गरम जेवण कसं मिळतं, ते त्यातून कळत नाही.

गुणपत्रिका

घरून निघतानाच फोनच्या नोटमध्ये ही वाटणी लिहून ठेवा, एकूण २५ गुण:

वेळ ८, स्वच्छता ७, सगळ्यांना चालेल असं काही मिळणं ५, भाव ३, चव २.

चवीला दोनच? हो. पार्कातलं जेवण हे पेट्रोल आहे. चांगलं मिळालं तर आनंदच, पण त्यासाठी अर्धा तास घालवणं परवडत नाही. चवीचे लाड संध्याकाळी ठाण्यात परतल्यावर करता येतात.

वेळेचे गुण असे द्या: रांगेत लागण्यापासून ताट हातात येईपर्यंत दहा मिनिटांच्या आत असेल तर ८, वीसपर्यंत ५, तिसापर्यंत २, त्यापुढे शून्य. स्वच्छतेत ७ पैकी ४ च्या खाली आलं तर बाकीची बेरीज करूच नका, ते ठिकाण बाद.

उदाहरण घेऊ. समजा समोर तीन ठिकाणं आहेत. मोठा बुफे हॉल: वेळ ८, स्वच्छता ५, सगळ्यांची सोय ५, भाव १, चव १, एकूण २०. पिझ्झा-बर्गरचा काउंटर: वेळ २, स्वच्छता ६, सोय २ कारण आजी ते खाणार नाहीत, भाव २, चव २, एकूण १४. उघड्यावरचा डोशाचा स्टॉल: वेळ ५, सोय ४, भाव ३, चव २, पण स्वच्छता ३. बेरीज १७ येते, म्हणजे पिझ्झाच्या पुढे, तरी बाद. या नियमाशिवाय भुकेलं माणूस नेमका तिथेच जाऊन उभं राहतं.

बुफेची एक अडचण बेरजेत दिसत नाही. "पैसे वसूल" करायच्या नादात मोठी माणसं दोन वेळा गुलाबजाम घेतात आणि पुढचे दोन तास बाकावर बसून काढतात. मुलं दोन पुऱ्या आणि आइस्क्रीम खाऊन उठतात. म्हणून मुलांचा दर वयावर आहे की उंचीवर, ते आत शिरण्याआधी विचारा. दोन लहान मुलं असतील तर दोन बुफे आणि मुलांसाठी काउंटरवरून वेगळं, हे बरेचदा स्वस्त पडतं. मात्र वेगळं घेतलेलं हॉलमध्ये आणू देतात का, तेही विचारून घ्या. नाहीतर बाप आत, मुलं दाराबाहेर.

रांग मोजायची कशी

रांगेची लांबी बघून अंदाज बांधू नका. वीस माणसांची रांग पाच मिनिटांत संपू शकते आणि सहा माणसांची अर्धा तास रखडू शकते. फोनवर स्टॉपवॉच लावा आणि पाच मिनिटांत किती बिलांचं खाणं बाहेर पडतं ते मोजा. सहा बिलं निघाली आणि तुमच्या पुढे चोवीस असतील तर वीस मिनिटं लागणार. माणसं नव्हे, बिलं मोजायची, कारण एका बिलामागे पाच जणांचं टोळकं उभं असतं.

रांगा दोन असतात हेही विसरू नका. एक कूपनची, दुसरी ते कूपन दाखवून खाणं घेण्याची. कूपनची रांग झरझर सरकते म्हणून लोक पैसे भरून मोकळे होतात आणि मग दुसऱ्या रांगेत अडकतात. कूपन घ्यायच्या आधी नजर टाकायची ती देण्याच्या खिडकीकडे. तिथे लोक हातात कूपन फडकावत ओरडत असतील तर पुढे चला.

एकाने रांगेत राहायचं आणि बाकीच्यांनी राइडवर जायचं, ही युक्ती चांगली आहे. चौघांऐवजी एकाचाच वेळ जातो. फक्त ट्रे उचलायला दुसरा माणूस वेळेवर हजर हवा आणि टेबल धरायला तिसरा.

किती वाजता

गर्दीचा काळ एक ते अडीच. सगळे साडेदहा-अकराच्या सुमारास आत आलेले असतात, त्यामुळे सगळ्यांना भूक एकदमच लागते. पावणेबारा ते सव्वाबारा या वेळात जेवून घ्या, नाहीतर पावणेतीननंतर. एक ते अडीच या काळात राइडच्या रांगा जरा ओसरतात, तेव्हा तुम्ही राइडवर असाल.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा शाळांच्या सहलींचा मोसम. गाडी लावताना पार्किंगमधल्या बसेस मोजा. चार बस म्हणजे दोनेकशे पोरं, आणि त्यांचं जेवण बहुधा साडेबारा-एकला एकाच हॉलमध्ये ठरलेलं असतं. तिकीटखिडकीवर नुसतं विचारलं तरी सांगतात की ग्रुप कुठे जेवणार आहेत. तो हॉल तुमच्यासाठी दोन वाजेपर्यंत नाही.

संध्याकाळी उलटं होतं. काउंटर पार्कच्या आधी बंद होतात. शेवटच्या तासात जे मिळतं ते दुपारचं उरलेलं असायची शक्यता जास्त, तेव्हा फक्त पाकीटबंद घ्या.

दोन मिनिटं काउंटरपाशी उभं राहून

स्वच्छतेचे सात गुण पाटी बघून देता येत नाहीत. बाजूला उभं राहून बघा. काचेमागच्या गरम ट्रेमध्ये भाजी असते. तिच्यावरून वाफ निघते आहे का? गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहायला हवा, त्याखाली जंतू वाढायला लागतात. थर्मामीटर आपल्याकडे नसतो, पण वाफ दिसते. भाजीवर साय धरली असेल, कडेला मसाला काळा पडून चिकटला असेल, तर तो ट्रे बराच वेळ तसाच आहे. आचाऱ्याने नवी भाजी आणून जुन्यावरच ओतली तर एक गुण कापा, ट्रे बदलला तर एक द्या.

पैसे घेणारा हात आणि पाव देणारा हात एकच आहे का? टेबल पुसायचं फडकं आणि ट्रे पुसायचं फडकं एकच आहे का? हात धुवायच्या बेसिनला साबण आहे का, की गुलाबी पाणी भरलेली बाटली? भज्यांचं तेल काळपट आणि फेसाळ आहे का? ज्या पदार्थाला मागणी जास्त, तो ताजा असतो. म्हणून मेनूत चाळीस पदार्थ असले तरी समोरून काय निघतंय ते बघा आणि तेच मागवा. चायनीज काउंटरवरची एकुलती एक पावभाजी कुणी मागवत नसेल तर तुम्हीही मागवू नका.

कापून ठेवलेली फळं, कच्चं सॅलड, हिरवी चटणी, सरबतातला बर्फ या चार गोष्टी पावसाळ्यात आणि मे महिन्यात टाळा. पाण्याच्या बाटलीवर आयएसआयची खूण आणि आयएस १४५४३ हा बाटलीबंद पाण्याच्या मानकाचा आकडा आहे का, ते बघा. झाकणाचं सील बोटाने तपासा.

आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नंबर. तो १४ अंकी असतो आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणं बंधनकारक आहे. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. दोनशे माणसं बसणाऱ्या हॉलच्या बिलावर २ ने सुरू होणारा नंबर दिसला तर काहीतरी गोम आहे. फूड सेफ्टी कनेक्ट ॲपमध्ये तो टाकून बघता येतो आणि तक्रारही तिथेच करता येते.

राइडआधी काय, नंतर काय

मामलेदारची मिसळ ठाण्याची शान आहे, पण इमॅजिकाच्या नायट्रो रोलर कोस्टरवर बसायच्या सकाळी नव्हे. तर्रीचं तेल आणि तिखट पोटात असताना उलटं-सुलटं फिरलं की त्याचं काय होतं ते सांगायला नको. दूध घातलेली पेयं, कोल्ड कॉफी, कोला हेही नंतर. रिकाम्या पोटी जाणंही वाईट, गरगरतं. इडली, पोहे, उपमा, साधं सँडविच, केळं यांतलं काहीतरी आणि मोठ्या राइडच्या आधी निदान पाऊण तास मोकळा. जेवणानंतरचा तास शो, सावलीतले थिएटर, आगगाडीसारख्या हळू राइड यांच्यासाठी ठेवा. दिवसाची आखणी जेवणाच्या वेळेवरून करा, राइडच्या यादीवरून नको.

उपास असेल तर गृहीत धरू नका. साबुदाण्याची खिचडी एकादशीलाही मिळेलच असं नाही. केळी आणि दाण्याचे लाडू गाडीत असू द्या. जैन जेवण हवं असेल तर "कांदा-लसूण नको" एवढं सांगून भागत नाही. ग्रेव्ही आधीच तयार असते. "जैनसाठी वेगळी ग्रेव्ही आहे का?" असं विचारा. उत्तर अडखळत आलं तर डाळ-भातावर किंवा जिऱ्याच्या भातावर या.

वॉटर पार्कात आणखी दोन गोष्टी

ओल्या कपड्यांनी एसी हॉलमध्ये बसलात तर मुलं पाच मिनिटांत कुडकुडतात. तिथे पंख्याचा, उघडा हॉल पसंत करा आणि वेळेच्या गुणांत एक वाढवा. पाण्यात भूक जास्त लागते, आणि मुलांना गरम काहीतरी हवं असतं: मॅगी, पावभाजी, बटाटेवडा.

पैसे लॉकरमध्ये असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी आधी पैसे भरलेलं कार्ड किंवा मनगटी पट्टा घ्यावा लागतो. एकदम तीन हजार भरू नका, पाचशे-पाचशे भरा. उरलेले पैसे परत करण्याची खिडकी बंद व्हायच्या वेळी तुडुंब असते. अर्धा तास आधीच जाऊन या. परत मिळणार नसलेली अनामत कोणती, ते कार्ड घेतानाच विचारा.

बिल

साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो. मोठ्या निवासी हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ असू शकतो, म्हणून मेनूतले दर कर धरून आहेत की सोडून, ते बघा. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला दिले आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. बिलात दिसला तर शांतपणे काढायला सांगा. "कन्झ्युमर हेल्पलाइन, १९१५" एवढं म्हटलं तरी पुष्कळदा काम होतं. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

परतीच्या वाटेवर

रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेवरून सगळी पुण्या-लोणावळ्याची गर्दी मुंबईकडे उतरत असते. आठनंतर कळंबोलीला पोचून मग जेवायला थांबू, असं म्हणालात तर मुलं झोपलेली असतील. खोपोली-पनवेलच्या पट्ट्यात साडेसातच्या आत थांबा, नाहीतर पळस्पे फाट्यावर दत्त स्नॅक्सचा वडा बांधून घ्या आणि घरी जाऊन मुगाची खिचडी टाका.

हायवेवरचं हॉटेल निवडताना पार्किंगमधल्या नंबरप्लेट वाचा. खासगी बसेस उभ्या असतील तर त्यातून जेवणाबद्दल काही कळत नाही, ड्रायव्हरचं जेवण फुकट असतं. एमएच-४६ आणि एमएच-०६ च्या गाड्या, म्हणजे पनवेल आणि रायगडातली माणसं, कुटुंबासकट आलेली दिसली तर थांबायला हरकत नाही. त्यांना दुसरे पर्याय माहीत असूनही ती इथे आली आहेत. नुसत्या एमएच-०४ आणि एमएच-४३, म्हणजे ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या असतील तर ती आपल्यासारखीच वाट चुकून शिरलेली. ऑर्डर देण्याआधी एकाने टॉयलेटला जाऊन यायचं. ते बघून परत गाडीत बसावंसं वाटलं तर बसा.

तुमचा रिव्ह्यू

रात्री घरी पोचल्यावर लगेच लिहा, दोन दिवसांनी मिनिटं आठवत नाहीत. "फूड ओके, स्टाफ गुड" याचा कुणाला उपयोग नाही. असं लिहा: "शनिवार, दुपारी १२.१०. कूपनला ४ मिनिटं, खाणं मिळायला ११. व्हेज थाळी दोन, मुलांना इडली. भात गरम, पनीरची भाजी कोमट. जैन ग्रेव्ही वेगळी नव्हती. साबण होता. पंखे चालू, टेबल लगेच मिळालं. १ वाजता बाहेर पडलो तेव्हा रांग दारापर्यंत."